मागची कुठं गेली?

माझं फॉल-पिकोचं आणि ब्लाउज शिवायचं दुकान नाशिकला मेनरोडच्या मागच्या गल्लीत आहे आणि त्याला चिकटून बंदुकीचं दुकान आहे. दोन्हींच्या मध्ये नुसती प्लायवूडची फळी. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे मी 'सत्य आहे' म्हणते, इतकं सगळं ऐकू येतं. त्यामुळे तिथलं गिऱ्हाईक डोळ्यांनी बघायचं टाळलं तरी कानांनी भोगावंच लागतं, आणि खरं सांगते, ऐकून ऐकून मला या माणसांचा वीट आलाय.

त्यातले काही शेतकरी असतात. पिकाच्या राखणीसाठी लायसन घेतलेले, दोन शब्द बोलून काम करून जाणारे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. बाकीचे म्हणजे गळ्यात जाड साखळी, तोंडात गुटखा, बंदूक बापाच्या नावावर आणि मस्ती पोराच्या अंगात. आमच्या दोन दुकानांची पायरी एकच आहे. तिच्यावर पिचकारी मारल्याशिवाय यांना आत पाऊल टाकता येत नाही, आणि ती पायरी धुते मी. कुणाचा वाढदिवस असो, हळद असो, सोसायटीची निवडणूक असो, यांना वर बार काढायचे असतात. आभाळानं यांचं काय घोडं मारलंय देव जाणे. मग केकशेजारी पिस्तूल ठेवून फोटो काढायचे आणि ते सगळ्यांना पाठवायचे. माझ्या मोबाईलवरही येतात. शिसारी येते.

या लोकांसमोर काउंटरला सिंधुबाई बसतात. साठीला टेकलेल्या, सुती पाचवारी, चष्म्याला काळी दोरी, हाताशी बडीशेपेची स्टीलची डबी. त्यांचे यजमान त्याच दुकानात बंदुका दुरुस्त करायचे. ते वारल्यावर दुकानाच्या शेठनं बाईंना झाडलोटीला ठेवलं. काउंटरचा माणूस दर वर्षी कुठल्या ना कुठल्या भाऊला सामील व्हायचा. शेवटी शेठ कंटाळला आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच बसा. बाईमाणसाशी कोण हुज्जत घालत नाही." शेठला बायामाणसांतलं काही कळत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं. सिंधुबाईंशी हुज्जत घातल्याशिवाय त्या दुकानातून कुणी बाहेर पडत नाही.

कारण बाई विचारतात. तीन प्रश्न. वय काय? कशाला पाहिजे? आणि मागची कुठं गेली? हा शेवटचा त्यांचा हुकमी. म्हणजे मागच्या खेपेला नेलेली काडतुसं कशावर उडवली आणि त्यांची रिकामी टरफलं कुठं आहेत. टरफलं काउंटरवर ओतल्याशिवाय बाई ड्रॉवरला हात लावत नाहीत. मी मशीन चालवता चालवता मोजत नाही, पण दिवसातून कितीदा तरी फळीपलीकडून तोच आवाज येतो. मागची कुठं गेली?

"बाई, भाऊंचं नाव ऐकलं नाय का तुम्ही?"

"नाव ऐकलं. आता वय सांगा."

मला हसू आवरत नाही आणि दोरा तुटतो.

गंमत अशी की सगळ्यांचं वय विचारणाऱ्या या बाईला स्वतःचं वय धड माहीत नाही. कागदावर जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना हेडमास्तरांनी आईला विचारलं, आईला सांगता येईना, मास्तरांनी टाकली एक जून. वर्गातल्या अर्ध्या पोरांची तीच. गल्लीत कुणी थट्टा केली की बाई म्हणतात, "आमचं अख्खं गाव एकाच दिवशी बाळंत झालं."

एकदा दुपारी डबा खाताना मात्र त्यांनी वेगळंच सांगितलं. स्वतःच्या हळदीच्या दिवशी त्या काचापाणी खेळत होत्या. चुलतीनं दंडाला धरून आणलं आणि पाटावर बसवलं. "नाव घे, नाव घे म्हणून सगळा मांडव मागं लागला होता," बाई म्हणाल्या. "वय एकानं विचारलं नाही." मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी माझ्यातली चटणी त्यांच्या डब्यात वाढली.

तर या वैशाखातली गोष्ट. लग्नसराई तुडुंब, माझ्या दुकानात ब्लाउजपिसांचा ढीग, आणि गल्लीत दोन गाड्या भरून निफाडकडची मंडळी आली. बस्ता बांधायला आलेली. नवरदेवाचे वडील वाळूअण्णा, मोठे द्राक्षबागायतदार, पांढरे बूट. नवरदेव हर्षल. नवरदेवाची आत्या सरुबाई, जिच्या हातात सगळा कारभार. नवरी येवल्याकडची, वेदिका, आणि तिच्याबरोबर तिचे वडील नाथा. हा माणूस आला तसा पैठणीची पिशवी छातीशी धरून उभा राहिला आणि कुणाकडे बघेना.

बाया माझ्याकडे शिरल्या, अण्णा आणि हर्षल शेजारी बंदुकीच्या दुकानात, नाथा पायरीपाशीच. सगळ्यात आधी पायरीवर पिचकारी पडली. नवरदेवाची.

मी वेदिकाला समोर उभी केली आणि टेप लावली. खांदे पुढे ओढून उभी होती, हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. पलीकडून आवाज येत होते.

"बारा बोरची काडतुसं द्या. पाकिटं चांगली दोन-तीन," हर्षल म्हणाला.

"लायसन कुणाचं?"

"अण्णांचं."

"मग अण्णा बोलतील. तुझं वय काय?"

"एकविसावं चालू हे."

"चालू म्हणजे वीस पुरी. एकवीस भरल्याशिवाय काउंटरला हात लावायचा नाही, पाटीवर लिहिलंय. हात काढ." काउंटरवर लायसन आपटल्याचा आवाज आला, मग बाई अण्णांकडे वळल्या असाव्यात. "कशाला पाहिजेत?"

"डुकरं लय माजलीत बागंत," अण्णा म्हणाले.

"मागची कुठं गेली?"

"डुकरांवरच की."

"टरफलं?"

"ती काय आता चिखलात हुडकीत बसू का मी?"

तेवढ्यात त्या दिवट्याला राहवलं नाही. "अवो काकू, कशाला ताणताय, डुकरं नाय न् काय नाय. हळदीला बार काढायचेत. सगळ्या तालुक्यात वाजलं पायजे!"

"हळदीला डुकरं येणारेत का?" सिंधुबाईंनी विचारलं.

अलीकडे मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या म्हणून वाचले. अण्णांनी पोराला एक शिवी हासडली, मग बाईंना थोडी सौम्य शिवी दिली, मग शेठला हाका मारल्या. शेठ आतून आले. अण्णांनी फोन लावून कुणाशी तरी बोलायला लावलं, शेठ 'हो साहेब, हो साहेब' करत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "अण्णा, माझ्या दुकानाचं लायसन जाईल हो." शेठला पोलिसांची भीती अण्णांपेक्षा जास्त आहे, म्हणून तर सिंधुबाई टिकून आहेत. ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज मी ऐकला.

"लग्न कुणाचं आहे?" बाईंनी विचारलं.

"माझंच," हर्षल म्हणाला. अजून ताठ्यात.

"वीस पुरी झालेल्याचं?"

उत्तराची वाट न बघता बाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सिंधुबाई एरवी कधी गिऱ्हाईक सोडून उठत नाहीत.

इकडे मी छातीचं माप घेत होते. तेवढं माप मी आठवी-नववीच्या शाळेच्या ड्रेससाठी घेते. पोट खपाटीला, बाहीचा मुंढा इवलासा. टेप हातात धरून माझ्या मनात काय आलं ते मला नीट शब्दांत सांगता येणार नाही. पाल अंगावर पडल्यासारखं झालं. मी सरुआत्याकडे बघितलं. ती आरशात स्वतःचा पदर नीट करत होती.

"काकू," वेदिका हळूच म्हणाली, "ब्लाउजला खिसा ठेवता येतो का?"

"ब्लाउजला? कशाला गं?"

"असाच. ड्रेसला असतो ना."

सरुआत्या खो खो हसली. "ऐका! खिसा म्हणं! तिचं काय ऐकता, ताई. तुम्ही एक करा, माया भरपूर ठेवा. दोन-दोन बोटं दोहीकडनं. वाढीचं अंग हे, दिवाळीपर्यंत उसवावं लागंल."

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, पुढे अंग भरलं की उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. रोज दहा वेळा तो शब्द माझ्या तोंडात येतो. त्या दिवशी तो सरुआत्याच्या तोंडून आला आणि मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. कापडाला माया ठेवा. पोरीला नाही ठेवली तरी चालेल.

सिंधुबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं. चष्मा वर सरकवून त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि काउंटरवर विचारतात त्याच आवाजात विचारलं, "वय काय?"

वेदिकानं आधी आत्याकडे बघितलं. मग पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाली, "अठरा पूर्ण."

"जन्मतारीख?"

पोरगी गडबडली. हे तिला शिकवलेलं नसावं. सरुआत्या पटकन मध्ये पडली. "एक जून."

मी सिंधुबाईंकडे पाहिलं. त्या हसल्या. पण ते हसू मला बघवलं नाही.

"एक जून आमची असते, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या आयांना तारीख ठाऊक नव्हती त्यांची. तुमची बी एक जूनच असंल, बघा. ही पोरगी दवाखान्यात झाली असंल, हिच्या जन्माचा दाखला निघाला असंल. हिला कोण हेडमास्तर एक जून टाकतोय?" मग वेदिकाकडे वळून, "कितवी झाली, बाळा?"

"दहावी. निकाल लागायचाय."

"तू गप," सरुआत्या खेकसली. तोवर अण्णा आणि हर्षल बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले होते. अण्णा म्हणाले, "ओ बाई, तुमी काडतुसं विका ना. ती बी विकत नाय तुमी. आमच्या घरात कशाला नाक खुपसता?"

"काडतूस मागायला आलं तर पोराचं वय विचारते मी," बाई म्हणाल्या. "पोरगी न्यायला आलात तर नको विचारू?" आणि मग त्यांनी नाथाला गाठलं. तो अजून पायरीपाशीच, पिशवी धरून. "तुम्ही बाप ना? तुम्ही सांगा. किती वय?"

नाथानं खाली पायरीकडे बघितलं, त्या लाल पिचकारीकडे. "चांगलं घर हे," तो म्हणाला. "बागायतदार हेत. पुन्हा असं स्थळ येत नाय."

एवढंच. वय विचारलं आणि उत्तर आलं बागायतीचं. मला त्या अण्णापेक्षा, त्या बेशरम पोरापेक्षा या गरीब चेहऱ्याच्या बापाची जास्त किळस आली. बाकीचे लांडगे होते, लांडग्यासारखे वागले. हा कोण होता?

सरुआत्यानं पोरीला दंडाला धरलं आणि बाहेर काढलं. जाता जाता माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ब्लाउज परवा पायजे. माणूस पाठवीन." पैठणीचं ब्लाउजपीस माझ्या टेबलावर तसंच पडलेलं, मोराच्या काठाचं, लखलखीत. गाड्या गेल्या.

सिंधुबाई माझ्या स्टुलावर बसल्या. फोन लावला त्यांनी माझ्याच समोर. दहा अठ्ठ्याण्णव, मुलांसाठीचा तो नंबर. पलीकडल्यानं विचारलं, गाव कुठलं, घर कुणाचं, लग्न कधी. बाईंनी सगळं धडाधडा सांगितलं; पोरीचं नाव-गाव आणि लग्नाची तारीख माझ्या मापाच्या वहीतून वाचली. काउंटरवर अण्णांनी लायसन आपटलं होतं ना, त्यावरचं नाव-गाव त्यांनी रोजच्या सवयीनं वाचून ठेवलं होतं. बंदूक मिरवायला आले आणि पत्ता देऊन गेले.

शेठ दारात येऊन कपाळावर हात मारत राहिले. "बाई, हे आपलं काम आहे का? आपण दुकान मांडलंय."

"काम नसंल तर काढा मला," बाई म्हणाल्या आणि बडीशेपेची डबी उघडली. शेठनं त्यांना काढलं नाही. आत जाऊन पंखा मोठा केला फक्त.

हळदीच्या दिवशी सकाळी ग्रामसेवक आणि पोलीस अण्णांच्या दारात पोचले. मांडव होता, आचारी आलेला, डीजेची गाडी वाटेत. येवल्याकडेही पोरीच्या घरी माणसं गेली. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून घेतलं. हे आम्हाला कळलं ते अण्णांच्या तोंडून, कारण दोन दिवसांनी ते गल्लीत येऊन तासभर ओरडत उभे होते. तालुक्यात नाक कापलं म्हणाले. सिंधुबाईंच्या सात पिढ्या काढल्या. गल्लीतले दुकानदार काउंटरमागून बघत राहिले, एकजण पुढं आला नाही, उलट संध्याकाळी दोघा-तिघांनी बाईंनाच अक्कल शिकवली. "आपण कशाला पडायचं, बाई, लोकांच्या भानगडीत?" थू. पायरी मी तीनदा धुतली त्या दिवशी.

पैठणीचं पीस न्यायला कुणी आलं नाही. मी त्याला कात्री लावली नव्हती. ते पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवलं आणि विसरायचा प्रयत्न केला. पण खुंटी समोरच होती. कधीकधी मशीन थांबवून मला वाटायचं, लिहून दिलंय खरं, पण लिहून देणाऱ्यांचा काय भरवसा? कुठल्या देवळात नेऊन उरकलं नसेल कशावरून? सिंधुबाईही तेच मनात घेऊन बसल्या होत्या. मधूनच फळीवर टकटक करून विचारायच्या, "नेलं का गं ते पीस कुणी?" मी नाही म्हटलं की त्यांना बरं वाटायचं.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, पुन्हा ढीग सुरू झाले. आणि एका दुपारी सरुआत्या माझ्या दारात. लाजबिज काही नाही. मागे एक पोरगी, मान खाली, दोन वेण्या आत्ताच सोडून एक केलेली, केसांना वेण्यांचे पीळ तसेच.

"हे ना अजून ते पीस?" आत्यानं खुंटीकडे बघत विचारलं. "बरं झालं कापलं नाय. आता हिच्या मापानं कापा. आन् माया जरा जास्तीच ठेवा ताई, ही तिच्यापरीस बारीक हे."

तेच पीस. तोच नवरदेव. शर्ट बसला नाही म्हणून दुसरा बघावा, तशी दुसरी पोरगी. पोरीकडे बघितलं तर ती टेबलावरच्या खडूशी बोटानं खेळत होती.

"वय काय हिचं?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण शब्द फळीपलीकडचे.

"अठरा पुरी. बारा मार्च," आत्या म्हणाली. एक जून सोडून दिली होती तिनं. तेवढं मात्र शिकली होती.

मी टेप गळ्यातून काढून खाली ठेवली आणि फळीवर मूठ मारली. "सिंधुबाई! या इकडे!"

खुर्ची सरकली. बाई आल्या, दारात उभ्या राहिल्या, चष्मा वर केला. आत्याला ओळखलं. मग त्या नव्या पोरीला नीट पाहिलं, वेण्यांच्या पिळांसकट. मला वाटलं, आधी वय विचारतील. नाही विचारलं.

"मागची कुठं गेली?"

"आता काय काडतुसं मागाया नाय आले मी," सरुआत्या फणकारली.

"काडतुसं नाही विचारत. पोरगी विचारते. मागची पोरगी कुठं गेली?"

"ती व्हय?" आत्यानं नाक मुरडलं. "तिला कोण करतंय आता, बोभाटा झाल्यावर. बापानं ठिवलीय तशीच. कॉलेजात जाती म्हणं, येवल्याला, एसटीनं. पाठीला दप्तर टाकून हुंदडती घोडी."

सिंधुबाईंनी दाराची चौकट धरली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्यांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

खडूशी खेळणारं बोट थांबलं. ती पोरगी आल्यापासून पहिल्यांदा मान वर करून बघत होती, आत्याकडे नाही, सिंधुबाईंकडे.

"खरंच जाते?" तिनं विचारलं.

"जाते," सिंधुबाई म्हणाल्या. स्टूल ओढून त्यांनी तिला बसवलं आणि फोन काढला. "आता तू सांग. गाव कुठलं तुझं?"